स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार निवडताना: मॉडेल आणि हार्डवेअर कोणत्या क्रमाने तपासायचं

१५ ते ३५ हजारांत इलेक्ट्रिक गिटार घेणारे बहुतेकजण एकाच जागी चुकतात. दुकानात दोन गिटारी हातात घेतात, त्या जशा खोक्यातून निघाल्या तशाच वाजवतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. एकीच्या तारा फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या दांडीवरच्या) धातूच्या आडव्या उंचवट्यांपासून, ३ मिमी वर असतात, त्यावर सहा महिन्यांचा गंज असतो. दुसरी आदल्या दिवशीच कुणीतरी जुळवून ठेवलेली असते. अशा वेळी तुलना होते ती तारांची आणि दोन-चार स्क्रूंच्या जागेची. गिटारींची तुलना सुरूच झालेली नसते.

पुढचा क्रम याच चुकीसाठी आहे. टप्पे वरखाली केले तर पुढच्या तपासण्या फसवतात, म्हणून क्रम पाळा.

तयारी: पिशवीत काय आणि खिशात किती

सोबत न्या: अर्धा मिलिमीटर दाखवणारी स्टीलची छोटी पट्टी, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), क्लिप ट्यूनर, स्वतःची चांगली केबल, मोबाइलचा टॉर्च, वही. जमल्यास फीलर गेज (बारीक फटी मोजायची पातळ पाती) न्या. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात ते मिळतं. सेकंडहँड पाहायला जात असाल तर मल्टीमीटरही घ्या.

पैशांचा हिशेब आधी करा. हातात ३० हजार असतील तर गिटारसाठी २० ते २२ हजारच धरा. उरलेल्यात छोटा अ‍ॅम्प, केबल, पट्टा, कव्हर, तारांचे दोन सेट आणि जाणकार कारागिराकडून एक सेटअप (तारांची उंची, नेकचा बाक वगैरेंची जुळवणी) बसवायचा आहे. सगळे पैसे गिटारवर घालून ती मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणारे मला सतत भेटतात, आणि त्यांना आपली गिटार कशी वाजते हे अखेरपर्यंत कळतच नाही.

टप्पा १: आधी ब्रिज आणि पिकअप ठरवा

ब्रँड नंतर. ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, पिकअप म्हणजे तारांची कंपनं अ‍ॅम्पकडे पाठवणारं चुंबक आणि कॉइल. पहिला प्रश्न: व्हॅमी बार (सूर खालीवर हलवायची ब्रिजवरची दांडी) खरंच लागणार आहे का? लागणार नसेल तर फिक्स्ड, म्हणजे न हलणारा ब्रिज घ्या. या किमतीत तो सर्वांत कमी त्रास देतो, तार तुटली तरी बाकीच्या पाच तारा सुरात राहतात आणि ड्रॉप डी ट्यूनिंग (सर्वांत जाड तार एक सूर उतरवणं) क्षणात होतं.

दुसरा प्रश्न पिकअपचा. स्वच्छ, खणखणीत आवाजाला सिंगल कॉइल. जड डिस्टॉर्शनला (रॉकच्या फाटलेल्या आवाजाला) हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप. दोन्ही हवं असेल तर ब्रिजजवळ हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल अशी मांडणी शोधा.

एवढं ठरलं की यादी आपोआप छोटी होते. या गटात नेहमी समोर येणारी मॉडेलं अशी:

स्क्वायर सॉनिक स्ट्रॅटोकास्टर: तीन सिरॅमिक सिंगल कॉइल, २१ फ्रेट, सहा स्क्रूंचा ट्रेमोलो (व्हॅमी बारचा हलता ब्रिज). याचीच फिक्स्ड ब्रिजची आवृत्तीही आहे. एक पायरी वर स्क्वायर अफिनिटी. तिचा ट्रेमोलो दोन खांबांवर टेकतो आणि खुंट्या बंद घराच्या असतात.

यामाहा पॅसिफिका ११२ व्ही: ब्रिजला हंबकर, पुढे दोन सिंगल कॉइल, तिन्ही अल्निको ५ चुंबकांचे. टोनचं बटण ओढलं की हंबकरची एकच कॉइल चालू राहते. खालचं ०१२ मॉडेल दिसायला सारखं असलं तरी ही सोय त्यात नाही. नाव वाचताना आकडा नीट बघा.

आयबानेझ जीआरजी १७० डीएक्स आणि १२१ डीएक्स: दोन्हींना २४ फ्रेट आणि सपाट पट्टी (नेकची फ्रेट बसवलेली बाजू). पहिलीला ट्रेमोलो, दुसरीला फिक्स्ड ब्रिज आणि दोन हंबकर.

एपिफोनच्या लेस पॉल घराण्यातल्या स्वस्त गिटारी: फिक्स्ड ब्रिज, दोन हंबकर, आखूड स्केल (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी).

तीनपेक्षा जास्त मॉडेलं यादीत ठेवू नका. पाचव्या गिटारपर्यंत पहिलीचा आवाज कानातून गेलेला असतो.

सावध: फ्लॉइड रोझ पद्धतीचा लॉकिंग ब्रिज या किमतीत घेऊ नका. ज्या धारेवर तो डोलतो ती धार स्वस्त धातूत लवकर बोथट होते आणि मग बार सोडल्यावर तारा सुरात परत येत नाहीत. शिवाय शिकणाऱ्याचा अर्धा वेळ तारा बदलण्यात आणि समतोल साधण्यात जातो.

टप्पा २: वहीत तीन रकाने आखा

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे, आणि तो घरी बसून करायचा आहे.

पहिल्या रकान्यात स्क्रू फिरवून बदलणाऱ्या गोष्टी: तारांची उंची (अ‍ॅक्शन), इंटोनेशन (दाबलेला सूर अचूक लागणं), पिकअपची उंची, नेकचा बाक.

दुसऱ्यात पैसे खर्चून बदलता येणाऱ्या: खुंट्या, नट (खुंट्यांजवळ तारा टेकतात तो खाचांचा तुकडा), सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू), पिकअप, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचा भाग), स्विच, जॅक (केबल लावायची जागा).

तिसऱ्यात न बदलणाऱ्या: स्केल, नेकची जाडी आणि पीळ, पट्टीची गोलाई, फ्रेटची संख्या, बॉडीची जाडी, ब्रिजचा प्रकार, वजन.

गिटार निवडायची ती तिसऱ्या रकान्यावरून. दुसरा रकाना बरोबरी झाल्यावर बघायचा. पहिल्याला निवडीत एकही गुण द्यायचा नाही. लोक नेमकं उलट करतात: वाढलेल्या अ‍ॅक्शनमुळे उत्तम नेकची गिटार नाकारतात आणि हाताला न बसणारी गिटार चकचकीत खुंट्यांसाठी घरी आणतात.

तिसऱ्या रकान्यातले आकडे हातात काय देतात ते माहीत हवं. फेंडर पद्धतीचं स्केल ६४८ मिमी, गिब्सन-एपिफोन पद्धतीचं साधारण ६२८ मिमी. तारा त्याच असल्या तरी आखूड स्केलवर ताण कमी पडतो, बेंड (तार ओढून सूर चढवणं) सोपा जातो, फ्रेट किंचित जवळ येतात. लहान हातांना हा फरक लगेच जाणवतो. गोलाईचंही तसंच. स्क्वायर सॉनिकची पट्टी ९.५ इंच त्रिज्येची, पॅसिफिका ११२ व्हीची ३५० मिमी म्हणजे पावणेचौदा इंचांची, आयबानेझ जीआरजीची ४०० मिमीची. आकडा जितका मोठा, तितकी पट्टी सपाट. कॉर्ड जास्त वाजवणाऱ्यांना गोल पट्टी बरी वाटते. अ‍ॅक्शन कमी ठेवून लांब बेंड घेणाऱ्यांना सपाट.

लाकडाबद्दल एकच सांगतो. पट्टी शिसवीची नाही म्हणून गिटार नाकारू नका. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवी कुळातल्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, पण तोवर अनेक कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या होत्या. स्क्वायरच्या माहितीत ‘इंडियन लॉरेल’ दिसतं, ते म्हणजे आपल्या सह्याद्रीत आणि विदर्भात उभा असलेला ऐन. कठीण, टिकाऊ लाकूड आहे. वर्षातून एक-दोनदा तेलाचा हात दिला की झालं.

टप्पा ३: तारा सुरात आणा, मगच नेक बघा

दुकानात गिटार हातात आली की वाजवायची घाई नको. आधी सहाही तारा ट्यूनरवर अचूक जुळवा. सुरात नसलेल्या तारांचा ताण वेगळा असतो, त्यामुळे नेकचा बाकही वेगळा दिसतो.

आता गिटार डोळ्यांसमोर धरा आणि हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) बॉडीकडे पट्टीच्या दोन्ही कडांवरून नजर टाका. दोन्ही कडा सारख्याच वळणाने जायला हव्यात. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर नेकला पीळ आहे. ती गिटार तिथेच खाली ठेवा. सवलत कितीही मिळो, पीळ ट्रस रॉडने, म्हणजे नेकमधल्या बाक जुळवायच्या सळईने, निघत नाही.

मग बाक मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जिथे नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर सहावी (सर्वांत जाड) तार दाबा आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. ०.२ ते ०.३ मिमी असेल तर उत्तम. फीलर गेज नसेल तर साधं व्हिजिटिंग कार्ड घ्या. ते तारेला न उचलता जेमतेम सरकलं पाहिजे. फट अर्ध्या मिलिमीटरहून जास्त असेल किंवा मुळीच नसेल तर दुकानदाराला ट्रस रॉड पाव फेरा फिरवायला सांगा आणि पुन्हा मोजा. रॉडने नेक हलली पाहिजे. रॉड जाम असेल किंवा आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर ही गिटार आपली नाही.

तपासा: पहिली आणि सहावी तार पट्टीच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहे का, तेही शेवटच्या फ्रेटपर्यंत? एक तार कडेवरून घसरायला आली असेल तर नेक खाचेत तिरकी बसली आहे. बोल्ट असलेल्या नेकमध्ये हे बहुतेकदा सुधारतं, चिकटवलेल्या नेकमध्ये नाही.

टप्पा ४: फ्रेट, एकेक करून

याला दहा मिनिटं लागतात आणि लोक ती देत नाहीत. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा, सारख्याच जोराने. कुठे झणझण येते ते वहीत लिहा. तंबोऱ्याला जवारी हवी, गिटारला नको.

आता झणझण कुठून येते ते ओळखा. सगळीकडे थोडी थोडी असेल तर अ‍ॅक्शन खाली आहे किंवा बाक कमी आहे. हा पहिला रकाना, सोडून द्या. एकाच ठिकाणी, एक-दोन फ्रेटांवरच असेल तर पुढचा फ्रेट उंच आहे. स्टीलच्या पट्टीची आखूड धार लागोपाठ तीन फ्रेटांवर टेकवा. ती डुगडुगली तर मधला फ्रेट वर आलाय. एखादा फ्रेट कारागीर घासून देतो. चार-पाच असतील तर दुसरा नग मागा.

नग हा शब्द मुद्दाम वापरतोय. या किमतीत एकाच मॉडेलच्या दोन नगांत जितका फरक सापडतो, तितका कधी कधी दोन मॉडेलांतही नसतो. मागे स्टॉक असेल तर तेच मॉडेल आणखी एक उघडून दाखवायला सांगताना संकोच करू नका.

फ्रेटच्या टोकांवरून तळहात फिरवा. टोचत असतील तर पट्टीचं लाकूड सुकून आकसलंय. नागपूर-औरंगाबादकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे हमखास होतं. टोकं घासून घेणं हे छोटं काम आहे, पण ते खर्चात धरा.

शेवटी बारा ते पंधराव्या फ्रेटवर पहिली तार पूर्ण एक सूर वर ओढा. आवाज मध्येच मरत असेल तर गोल पट्टीवर अ‍ॅक्शन फार खाली आहे किंवा वरचे फ्रेट उंच आहेत. १.६ ते २ मिमी अ‍ॅक्शन असूनही तो मरत असेल तर दोष फ्रेटमध्ये आहे.

टप्पा ५: नट, खुंट्या, ब्रिज

आधी नट, कारण सुरात न राहण्याचं खापर जे लोक खुंट्यांवर फोडतात ते बहुतेकदा नटचं असतं. तार हळूहळू वर जुळवा. ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार नटच्या खाचेत अडकतेय. खाच थोडी रुंद करून, पेन्सिलीचं शिसं लावून हे सुटतं. खुंट्या बदलून सुटत नाही.

नटची उंचीही बघा. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. ती कागदाइतकी हवी. माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी दोन महिने एफ कॉर्डशी झगडत होती आणि बोटांत ताकद नाही म्हणून खचली होती. तिच्या नटच्या खाचा मुळातच उथळ होत्या. खाचा खोल केल्या, त्याच संध्याकाळी कॉर्ड लागली. शिकणाऱ्यासाठी गिटार घेत असाल तर ही एक तपासणी चुकवू नका.

सावध: खाचा स्वतः करवतीने खोल करू नका. केसभर जास्त गेलं तर मोकळी तार झणझणते आणि नटच बदलावा लागतो.

खुंट्यांमध्ये दोनच गोष्टी: खुंटी मागेपुढे फिरवताना रिकामा खेळ किती आणि दांडा हलतो का. बंद घराच्या खुंट्या धूळ-दमट हवेत जास्त टिकतात. कधी बदलायच्या झाल्या तर हेडस्टॉकच्या भोकाचा व्यास मोजूनच मागवा; आधुनिक खुंट्यांना साधारण १० मिमीचं भोक लागतं, जुन्या धाटणीच्यांना त्याहून लहान.

ट्रेमोलोला जरा वेळ द्या. बार हलकेच दाबा, सोडा, ट्यूनर बघा. मग किंचित वर ओढा, सोडा, पुन्हा बघा. दोन्ही वेळा सूर वेगवेगळ्या जागी थांबत असेल तर अडकण नटमध्ये आहे किंवा ब्रिजच्या टेकूत. सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये ते स्क्रू अति आवळलेले असले तरी असंच होतं, आणि हे फुकट सुटतं. बार क्वचितच वापरणार असाल तर मागचं झाकण काढून स्प्रिंगच्या पकडीचे दोन स्क्रू आवळा, म्हणजे ब्रिज बॉडीला टेकून बसेल. स्वस्त ट्रेमोलोची निम्मी दुखणी तिथेच संपतात.

ट्रेमोलो ब्रिजखालचा ब्लॉक (स्प्रिंग अडकतात तो धातूचा ठोकळा) स्वस्त गिटारीत जस्ताच्या मिश्रधातूचा आणि पातळ असतो. तो बदलायचा मोह होतो. मी एका पातळ बॉडीच्या गिटारसाठी पूर्ण उंचीचा ब्लॉक मागवला होता. बसवला तेव्हा तो मागच्या बाजूने चक्क बाहेर आला, आणि दुकानाने परत घेतला नाही. म्हणून बॉडीची जाडी, स्क्रूंमधलं अंतर आणि तारांमधलं अंतर, तिन्ही मिलिमीटरमध्ये मोजल्याशिवाय ब्रिजचा कोणताही भाग मागवू नका. ‘स्ट्रॅटला बसतो’ एवढ्या शब्दावर तर मुळीच नाही.

टप्पा ६: आता अ‍ॅम्प

आवाज शेवटी ऐकायचा. अ‍ॅम्पवरचे सगळे इफेक्ट बंद, गेन (आवाज फाटवणारं बटण) कमी, बास-मिड-ट्रेबल मध्यावर. डिस्टॉर्शन चढवलं की दोन पिकअपमधला फरक झाकला जातो, आणि गिऱ्हाइकाला गिटार दाखवताना नेमकं तेच चढवलेलं असतं.

स्विचच्या प्रत्येक जागी वाजवा. व्हॉल्यूम आणि टोन शून्यापासून शेवटपर्यंत फिरवा. खरखर आली तर पॉटमध्ये धूळ आहे; बहुतेकदा साफ करून जाते. जॅकजवळ केबल हलकी हलवा. आवाज तुटला तर जॅक सैल आहे किंवा वायरचा सोल्डरचा टाका निघालाय.

सिंगल कॉइलमध्ये घूं असा आवाज येणारच, आपल्या ५० हर्ट्झ विजेचा तो आहे. तारांना हात लावल्यावर तो कमी झाला तर गिटारच्या आतली अर्थिंगची वायर जागेवर आहे. उलट वाढला तर वायरिंग तपासून घ्या.

सावध: अ‍ॅम्पला दोन पिनांचा अडॅप्टर लावून अर्थिंग तोडू नका. तुमची बोटं तारांवर असतात आणि तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. हात लावताना झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा.

मल्टीमीटर आणला असेल तर केबल गिटारला लावून, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. सिंगल कॉइल साधारण ५ ते ७ किलोओहम, हंबकर ७ च्या पुढे. यावरून चांगला-वाईट ठरत नाही, पण एखाद्या जागी वाचन शेकडो किलोओहमवर गेलं तर तो पिकअप तुटला आहे.

टप्पा ७: शेजारी शेजारी

उरलेल्या दोन गिटारींवर एकाच जाडीच्या तारा आहेत का बघा. एकीवर ९ चा सेट आणि दुसरीवर १० चा असेल तर ‘ही मऊ वाजते’ या म्हणण्याला अर्थ नाही. दोन्हींची अ‍ॅक्शन बाराव्या फ्रेटवर मोजून लिहा आणि शक्य असेल तर सारखी करून घ्या. मग तीच केबल, तोच अ‍ॅम्प, तीच बटणं, तोच एक तुकडा. आधी बसून वाजवा, मग पट्टा लावून उभं राहून पाच मिनिटं. वजन आणि हेडस्टॉक खाली झुकण्याची सवय उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

ऑनलाइन मागवणार असाल तर हेच सगळं परतीच्या मुदतीत घरी करायचं, आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढायचा. एपिफोनसारखा मागे झुकलेला हेडस्टॉक असेल तर नटच्या मागे केसाइतकी चीर आहे का ते टॉर्चने बघा. धक्क्याने पहिली तुटते ती हीच जागा.

टप्पा ८: घरी आणल्यावर सेटअप

क्रम असा: नवीन तारा, सूर, नेकचा बाक, नटची तपासणी, तारांची उंची, पिकअपची उंची, आणि सर्वांत शेवटी इंटोनेशन. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा सूर जुळवा. इंटोनेशन आधी करून मग अ‍ॅक्शन बदलली तर केलेलं काम वाया जातं. बिघडलेल्या सेटअपमध्ये मला हीच चूक सर्वांत जास्त दिसते.

ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच. घड्याळाच्या दिशेने फिरवला की बाक कमी होतो. पिकअप तारांना फार जवळ आणू नका. सिंगल कॉइलचं चुंबक तार खेचतं आणि जाड तारांवर सूर लहरतो. शेवटचा फ्रेट दाबून २ ते २.५ मिमी अंतरापासून सुरुवात करा. इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबून वाजवलेला सूर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरलेला असेल तर पुढे.

कोकण, मुंबई, गोव्यात राहत असाल तर जूनच्या मध्यावर आणि पाऊस सरल्यावर बाक पुन्हा मोजा. दमट हवेत लाकूड फुगतं आणि मोजमाप सरकतं. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा. आणि पावसाळ्याआधी सॅडलच्या बारीक स्क्रूंना सुईच्या टोकाने तेलाचा थेंब द्या. ते एकदा गंजून जाम झाले की अ‍ॅलन कीने त्यांचं डोकंच झिजतं, आणि मग दोन मिनिटांच्या अ‍ॅक्शनसाठी अख्खं सॅडल बदलावं लागतं.